पान चौदावरची चूक

"पण मीच का पडायचं, मास्तर?"

अंतोबा तांबट चिंचेच्या कोळानं तांब्याचा डबा घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तबक तुझ्या हातात असतं म्हणून."

"हे काही उत्तर झालं नाही."

"नाही झालं..."

निपाणीची ती तंबाखूची वखार. भिंतींना उग्र वास. बाहेर आठवड्याचा बाजार अजून हलला नव्हता. तासाभरापूर्वी याच वखारीतून चारशे माणसं शिट्ट्या मारत, शेंगांची टरफलं फेकत बाहेर पडली होती. बावीस वर्षांत प्रोफेसर फजितरावांचा खेळ असा कधी बुडाला नव्हता. आज बुडाला होता, आणि बुडवला होता त्यांच्याच शिष्यानं, श्रीनिवास गलगलीनं.

श्रीनिवासला ते कळत होतं. वाईटही वाटत होतं. पण वाईट वाटण्याहून राग जास्त होता.

प्रोफेसर फजितराव म्हणजेच अंतोबा. जन्म कऱ्हाडच्या तांबट आळीतला, अर्धं तारुण्य हंडे-घागरी ठोकण्यात गेलेलं. एकदा पुण्यात त्यांनी एका विलायती जादूगाराचा खेळ पाहिला आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. सगळं सामान त्यांनी स्वतःच्या हातानं घडवलं. पहिला खेळ मिरजेत लावला. काळा कोट, गंभीर चेहरा. रंगमंचावर येऊन त्यांनी नमस्काराला हात जोडले मात्र, शेवटी निघायचं ते कबूतर बाहीतून तेव्हाच भुर्रकन बाहेर पडलं.

लोक पाव तास हसत होते.

अंतोबांनी बिऱ्हाडी येऊन सामान पोत्यात भरायला घेतलं. तेव्हा त्यांच्या बायकोनं पोत्याचं तोंड धरलं. त्यांना सगळे आक्का म्हणत. "एवढी हसलेली माणसं मी लग्नातसुद्धा पाहिली नाहीत," आक्का म्हणाल्या. "उद्या ते कबूतर परत तिथंच सोडा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते तिथंच सोडलं. त्या दिवसापासून अंतोबांच्या हातून रंगमंचावर एकही गोष्ट धड झाली नाही. पत्ते सांडायचे, अंगठी हरवायची, छडी वाकायची, आणि माणसं हसून हसून बेजार झाली की त्या गोंधळातूनच कधीतरी अशी काही करामत बाहेर यायची की हसणारी तोंडं उघडीच राहायची. कोल्हापूरपासून हुबळीपर्यंत फजितरावांचं नाव झालं.

श्रीनिवास त्यांच्याकडं आला तो मॅट्रिक होऊन. बेळगावचं घराणं, वडील शाळामास्तर. बोटं मात्र देवानं जादूगाराचीच दिलेली. रुपया या बोटावरून त्या बोटावर असा पळवायचा की अंतोबाही बघत राहायचे. त्याला वाटलं होतं, वर्षभरात आपण मास्तरांच्या शेजारी उभं राहू. मास्तरांनी त्याच्या हातात तबक दिलं आणि पडायला सांगितलं.

ते पडणं होतं फजितरावांच्या सगळ्यात गाजलेल्या खेळात. मास्तर गावातल्या सगळ्यात मानाच्या माणसाला वर बोलवायचे आणि त्याची पगडी मागून घ्यायचे. त्या पगडीत पीठ ओतायचे, वर पाणी, वर तिखट-मीठ. कालवायचे. मग कापूर पेटवून आत टाकायचे. पगडीतून धूर निघायचा, पगडीवाला हबकून जायचा, मास्तर त्याच्याहून जास्त हबकायचे. "पाणी! पाणी आणा!" असं ओरडले की श्रीनिवासनं तबकात तांब्या घेऊन धावत यायचं, पाय घसरून सपशेल आडवं व्हायचं आणि सगळं पाणी स्वतःच्याच अंगावर घ्यायचं. त्यावर छप्पर उडेल असं हसू. आणि मग मास्तर पगडीत हात घालून गरम थालीपीठ बाहेर काढायचे. पगडीला डागसुद्धा नाही.

चार वर्षं श्रीनिवास पडत होता.

आज समोरच्या रांगेत त्याचा थोरला भाऊ बसला होता. अण्णा कामासाठी निपाणीला आला होता आणि धाकट्याचा खेळ पाहायला मुद्दाम थांबला होता. घरी श्रीनिवासनं पत्रातून कळवलं होतं की आपण 'सहाय्यक प्रोफेसर' आहोत.

मास्तर ओरडले, "पाणी! पाणी आणा!"

श्रीनिवास तबक घेऊन आला. ताठ मानेनं, एकेक पाऊल टाकत. तांब्या मेजावर ठेवला, अदबीनं वाकला आणि बाजूला उभा राहिला.

क्षणभर वखारीत कुणालाच काही कळलं नाही. पगडी होती पेन्शनर मामलेदार हेर्लेकरांची. ते मेजाशी उघड्या डोक्यानं उभे, टकलावर घाम, पगडीतून धूर. माणसं त्यांच्याकडंच बघून हसत होती. हसणं वाढत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "मामलेदार, तुमचं डोकं शिजतंय!"

मास्तरांनी श्रीनिवासकडं एकदा पाहिलं. मग मामलेदारांकडं.

मग त्यांनी पगडीत हात घातला, आत लपवलेला तांब्याचा डबा चारशे लोकांसमोर उघडउघड वर काढला, आणि हात जोडले. "मंडळी, पगडी शाबूत आहे. पीठ या डब्यात आहे. आज मला थालीपीठ जमलं नाही. साहेबांचा काही दोष नाही. दोष माझा."

त्यांनी पगडी पदरानं पुसावी तशी उपरण्यानं पुसली आणि वाकून मामलेदारांच्या हातात दिली. त्यापुढं सगळ्या शिट्ट्या आणि टरफलं फजितरावांवर.

"आता थालीपीठ का जमलं नाही ते मला माहीत आहे," श्रीनिवास रिकाम्या वखारीत म्हणाला. "मी पडतो तेव्हा लोक माझ्याकडं बघतात. तेवढ्यात तुम्ही थालीपीठ आत सरकवता. मी पडलो नाही, तुम्हाला सवड मिळाली नाही. म्हणजे खरा खेळ माझ्यामुळं होतो, आणि नाव तुमचं."

अंतोबांनी घासलेला डबा त्याच्यापुढं धरला.

"काय आहे?" श्रीनिवासनं विचारलं.

"बघ."

"चार वर्षं बघतोय."

अंतोबा डबा धरून राहिले. श्रीनिवासनं तो घेतला नाही.

"उद्याही पडायचं आहे," अंतोबा म्हणाले.

"मी पडणार नाही. लोक मला बघून थक्क झाले पाहिजेत, मास्तर. हसता कामा नयेत."

"मग जा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. श्रीनिवासला तेच सहन झालं नाही. आक्का भाकरी थापत होत्या, त्या म्हणाल्या, "शिनू, जेवून तरी..." पण त्याची ट्रंक तोवर खांद्यावर गेली होती.

बेळगावात पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच श्रीनिवास लिहायला बसला. हा माणूस आपल्याच युक्त्यांवर उभा आहे ना, तर त्या युक्त्याच जगाला सांगून टाकायच्या. महिनाभरात पुस्तक छापून झालं. 'जादूचा भंडाफोड, अर्थात प्रोफेसर फजितराव यांच्या एकवीस करामतींचे समूळ रहस्य. लेखक: महामायावी प्रोफेसर एस. आर. गलगली.' भाषा त्यानं मुद्दाम ग्रांथिक वापरली. मॅट्रिकला संस्कृत होतंच.

फजितरावांचा खेळ जिथं जिथं लागणार असेल तिथं पुस्तकांचा गठ्ठा आधी पोचेल अशी त्यानं व्यवस्था केली. सांगलीला गेला, कोल्हापूरला गेला, इचलकरंजीला गेला. पानवाल्यापासून हजामापर्यंत सगळ्यांच्या हाती ते पुस्तक दिसू लागलं.

मग त्यानं स्वतःचा खेळ काढला. मखमली पडदा, काळा झगा, कपाळावर अर्धचंद्र. त्याच्या हातून एकही पत्ता सांडला नाही. पहिल्या दोन-तीन गावांत लोक गप्प बसून बघत राहिले. गप्पपणाला श्रीनिवास आदर समजला.

गडहिंग्लजला तिसऱ्या रांगेतला एक गूळवाला पुस्तक उघडून बसला होता. श्रीनिवासनं रुमाल झटकला, तेव्हा तो शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "आता डाव्या हाताकडं बघा. पान सहा."

सगळी रांग डाव्या हाताकडं बघू लागली.

त्याला येत होतं ते सगळं मास्तरांकडूनच आलेलं होतं. ज्या फांदीवर बसला होता तीच त्यानं छापून गावोगाव वाटली होती. तो खेळ त्यानं कसाबसा पुरा केला. लोक हसले नाहीत, शिट्ट्याही मारल्या नाहीत. जांभया देत उठले.

पण हार मानणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं मुंबईहून नवं सामान मागवलं, दारं लावून महिना महिना हात बसवला, पुन्हा फिरला. सहा-सात गावं केली. कुठंही पडला नाही, कुठंही चुकला नाही. आणि प्रत्येक गावात खेळ संपला की कुणी ना कुणी विचारायचंच, "फजितराव कधी येणार हो इकडं?"

"अजून खेळ करतो तो माणूस?" एकदा त्यानं चिडून विचारलं.

"करतो म्हणजे? कऱ्हाडात गेले पंधरा दिवस कनात हलली नाही त्याची."

"पण त्याच्या युक्त्या सगळ्यांना ठाऊक आहेत! पुस्तक निघालंय!"

"हां, ते पुस्तक," तो माणूस आठवूनच हसायला लागला. "पुस्तकाचंच तर सगळं आहे..."

पुढं त्याला हसण्यामुळं बोलता येईना.

श्रीनिवासनं दुसऱ्याच दिवशी कऱ्हाड गाठलं. डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि तिसऱ्या प्रहरच्या खेळाला कनातीत सगळ्यात मागं, खांबाला टेकून बसला. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून आलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. निम्म्या लोकांच्या हातात त्याचं पुस्तक होतं.

पडदा वर गेला. अंतोबा दोन वर्षांत वाळले होते. साठी जवळ आलेली. पण चेहरा तोच, आताच कुणीतरी दगा दिल्यासारखा. त्यांच्याही हातात तेच पुस्तक होतं.

"मंडळी," ते म्हणाले, "माझा एक शिष्य होता. फार विद्वान. त्यानं माझी सगळी विद्या या ग्रंथात लिहून ठेवली आहे. बरं झालं. मी म्हातारा, मला काही आठवत नाही. वाचता येणारा कुणी असेल तर वर या आणि मला माझी जादू वाचून दाखवा."

पोस्टातला एक शिपाई वर आला. अंतोबांनी गुळाच्या एका बड्या अडत्याची पगडी मागून घेतली. अडते भारदस्त, भरघोस मिशांचे. शिपायानं पान चौदा काढलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली.

"त-द-नं-तर प्रोफेसर आपला वाम हस्त कोटाच्या अंतर्भागी नेतात."

अंतोबा थबकले. "वाम म्हणजे?"

"डावा! डावा!" कनात ओरडली.

अंतोबांनी उजवा हात घातला.

"डावा हो मास्तर!"

"अंतर्भाग म्हणजे?"

"आतला खिसा!"

अंतोबांनी शिपायाच्याच आतल्या खिशात हात घातला आणि तिथून गावातल्या लोकांची न वाटलेली चार-पाच पत्रं काढली. शिपाई ओशाळला, लोक लोळायला लागले. पुस्तकात लिहिलेली एकेक गोष्ट अंतोबा करत होते, पण चुकीच्या वेळी, चुकीच्या हातानं. बायका पदर तोंडाशी धरून त्यांना युक्त्या समजावून सांगत होत्या. पोरं पानांचे आकडे ओरडत होती. सगळ्या कनातीला सगळं ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते एकट्या फजितरावांना.

श्रीनिवासचे कान तापले. त्यानं रात्री जागून जुळवलेली ती वाक्यं, ते वाम हस्त आणि अंतर्भाग, सगळ्यांच्या तोंडी आली होती आणि सगळे हसत होते. उठून जावं असं त्याला वाटलं. तरी तो उठला नाही.

पगडीत पीठ पडलं, पाणी पडलं, कापूर पेटला. धूर निघाला. अडते उघड्या डोक्यानं कावरेबावरे झाले. हळूहळू माणसांची बोटं त्यांच्याकडं वळू लागली.

शिपायानं वाचलं, "ये-थे मदतनीस तबक घेऊन येतो व पाय घसरून पडतो. सर्वांची दृष्टी तिकडे वळताच प्रोफेसर थालीपीठ पगडीत सरकवितात."

अंतोबांनी इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं.

"मदतनीस कुठं आहे?"

सगळ्या कनातीनं पडद्याकडं पाहिलं.

"मदतनीस लेखक झाला..." अंतोबा म्हणाले. "आता मलाच पडलं पाहिजे."

त्यांनी पगडी मेजावर तशीच धुमसत ठेवली. लांब, पार पडद्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तबक उचललं, त्यात तांब्या ठेवला, धोतराचा सोगा खोचला. मग त्या वयात ते धावत आले, पाय घसरला आणि दाणकन आडवे झाले. पाणी तोंडावर, तबक गडगडत अडत्यांच्या पायाशी.

हसण्याचा एकच लोंढा आला. श्रीनिवासही हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण पोटातूनच ते वर आलं. डोळे पुसता पुसता त्यानं अडत्यांकडं पाहिलं. मघाशी कावरेबावरे झालेले अडते आता मेजाला धरून हसत होते, मिशा थरथरत होत्या. आपलं डोकं उघडं आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांच्याकडं आता कुणी बघतही नव्हतं.

मग श्रीनिवासच्या ध्यानात आलं. मास्तर अजून जमिनीवर आहेत. दोन्ही हात रिकामे, पाण्यात भिजलेले. पगडीपासून दहा पावलं लांब. पगडीला कुणी हात लावलेला नाही.

तेच कनातीच्याही ध्यानात आलं. हसणं ओसरलं. चारी बाजूंनी पुस्तकांची पानं फडफडली.

अंतोबा कोपरावर जोर देत उठले, लंगडत मेजाशी आले, बाह्या वर सारल्या आणि पगडीत हात घालून वाफाळतं थालीपीठ बाहेर काढलं.

कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही, इतकी माणसं थक्क झाली होती. श्रीनिवासचं स्वतःचं तोंड उघडं राहिलं होतं. अडत्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि मग कुठं कनात भानावर आली.

खेळ संपल्यावर तो पडद्यामागं गेला. अंतोबा खाटेवर बसले होते. कोपर टम्म सुजलं होतं आणि आक्का त्यावर आंबेहळद लावत होत्या. त्याला बघून दोघांपैकी कुणीही दचकलं नाही.

क्षमा मागावी असं तो मनाशी घोकत आला होता. तोंडून निघालं ते वेगळंच.

"थालीपीठ कसं आलं?"

"पान चौदावर तुझी चूक झाली आहे," अंतोबा म्हणाले.

"चूक? मी चार वर्षं..."

"आक्का, याला डबा दे."

आक्कांनी कोपऱ्यातला डबा त्याच्या हातात दिला. या वेळी त्यानं तो घेतला. जड होता, दिसत होता त्यापेक्षा जास्त जड. त्यानं आत बोट घातलं. डबा बाहेरून होता वीतभर खोल आणि आतून निम्माच. त्याला दोन बुडं होती. त्यानं डबा उलटा केला, बूड दाबलं. खालच्या कप्प्यातून उद्याच्या खेळासाठी ठेवलेलं कोरडं फडकं बाहेर पडलं.

"म्हणजे... थालीपीठ आधीपासूनच आत असतं?"

"खेळाच्या आधी आक्का करते. गरम तसंच आत जातं. वरचं पीठ वर राहतं, खालचं थालीपीठ खाली."

"मी पडायच्या आधीपासून?"

"तू तबक उचलायच्या आधीपासून."

श्रीनिवास डबा मांडीवर घेऊन खाली बसला. हाताची बोटं त्या डब्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होती.

"मग मला पाडत कशाला होता? चार वर्षं! डब्याला त्याची गरजच नव्हती!"

"डब्याला नव्हती," अंतोबा म्हणाले. "पगडीवाल्याला होती."

बाहेर माणसं पांगत होती. कुणीतरी "वाम हस्त, वाम हस्त" म्हणत हसत चाललं होतं. श्रीनिवासच्या डोळ्यांपुढं घामेजलेलं एक टक्कल आलं. पेन्शनर मामलेदार हेर्लेकर... त्यांच्याकडं त्या दिवशी त्यानं पाहिलंच नव्हतं. तो अण्णाकडं बघत होता.

"त्या दिवशी निपाणीत..." तो चाचरत म्हणाला. "त्या दिवशीही थालीपीठ तयार होतं?"

"होतं."

"मग काढलं का नाहीत? खेळ वाचला असता. टाळ्या पडल्या असत्या."

आक्कांनी हळदीचा हात फडक्याला पुसला.

"सगळा गाव त्या एका म्हाताऱ्याला हसत होता," त्या म्हणाल्या. "त्याच्याच पगडीतून थालीपीठ काढलं असतं तर जन्मभर गावानं त्याला थालीपीठ म्हणूनच हाक मारली असती. तू पडला नाहीस. मग हे पडले."

"मास्तर कुठं पडले? ते तर उभे होते."

"उभ्याउभ्या पडलो," अंतोबा म्हणाले.

श्रीनिवासनं डबा खाली ठेवला, मुंडासं सोडलं आणि अंतोबांच्या पायावर डोकं ठेवलं. अंतोबांनी दुखरा हात त्याच्या पाठीवर ठेवला, मग दुखलं म्हणून लगेच उचलला.

"पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतो," श्रीनिवास म्हणाला. "नाही, सगळी पुस्तकं परत गोळा करतो. जाळून टाकतो."

"खबरदार!" अंतोबा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "माझा सगळा खेळ आता त्या पुस्तकावर चालतो. आणि पान चौदा तर मुळीच सुधारायचं नाही."

आक्का हसल्या. "ऊठ शिनू. जेवून घे."

तो जेवला. संध्याकाळी त्यानं कनातीतली मोकळी जागा गाठली, अंथरलेली सतरंजी बाजूला सारली आणि पडायचा सराव सुरू केला. पूर्वी तो नुसता आदळायचा, कसाबसा, सुटका करून घेतल्यासारखा. आता त्यानं बघितलं, पाय कुठं जातो, तांब्या कुठं उडतो, पाणी कुणावर उडत नाही ना. दहा वेळा पडला, वीस वेळा पडला. गुडघे फुटले. आक्का येऊन उरलेली आंबेहळद ठेवून गेल्या. तो पुन्हा उभा राहिला. जे शिकायला चार वर्षं मिळाली होती आणि जे तो एक दिवसही शिकला नव्हता, ते त्याला उद्याच्या तिसऱ्या प्रहरापर्यंत अंगी आणायचं होतं. आणि त्यानं ते आणलं.

दुसऱ्या दिवशी कनात पुन्हा भरली. अंतोबांनी कोटाची बटणं लावली. दुखरं कोपर अंगाशी धरलं. श्रीनिवास तबक घेऊन पडद्याआड उभा राहिला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "कुठल्या बाजूला पडू? डावीकडं की उजवीकडं?"

अंतोबांनी पडद्याच्या फटीला डोळा लावला. माणसांकडं बघत राहिले... रांगेमागून रांग, शेवटच्या खांबापर्यंत.

मग डोळा न काढताच म्हणाले, "जिकडं अजून कुणी हसलं नाही, तिकडं."